जुनी पांढरी हॅट

व्हर्लीन टिब्सचं आणि हॅटचं जन्मात कधी पटलं नाही. अमेरिकेतल्या डेटन शहराच्या पश्चिम भागातल्या त्या विटांच्या चर्चमध्ये ती चाळीस वर्षं क्वायरमध्ये गायली. क्वायरवाल्यांच्या अंगावर झगा असतो आणि डोकं उघडं असतं. वर उभं राहून तिला दर रविवारी खालच्या बायकांच्या हॅट्स दिसायच्या. पिसं, जाळ्या, रेशमी फुलं, एकीच्या डोक्यावर तर अख्खं फळांचं दुकान. "देवाला यांची तोंडं तरी दिसतात का गं?" असं ती शेजारणीच्या कानात म्हणायची आणि पुढचं कडवं उचलायची. खालच्या त्या बायकांत तिची आई आयडेलाही असायची, प्रत्येक रविवारी वेगळ्या हॅटमध्ये.

मग बासष्टाव्या वर्षी व्हर्लीनचा आवाज फाटला. क्वायरच्या बाईने गोड बोलून तिला खाली उतरवलं, आणि पास्टरांनी त्याहून गोड बोलून मदरांच्या, म्हणजे चर्चमधल्या मानाच्या वडीलधाऱ्या बायकांच्या, बाकावर बसायला बोलावलं, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी. मान मोठा होता. सगळ्यात पुढचा बाक, पांढरा पोशाख आणि चर्चमधल्या कुणालाही 'नीट बस' म्हणायचा हक्क. अट एकच, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. त्या बाकावर पहिल्यांदा बसणारी बाई नवी हॅट घालून बसत नाही. हॅट पांढरी हवी आणि जुनी हवी, आधी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बसून प्रार्थना ऐकलेली. बहुतेकींना ती आईकडून नाहीतर मावशीकडून आलेली असते.

व्हर्लीनच्या आईकडे एकतीस हॅट्स होत्या. अकरा वर्षांपूर्वी आई गेली आणि ऑगस्टच्या उकाड्यात घर रिकामं करताना व्हर्लीनने त्या सगळ्या दारासमोर टेबलावर मांडून दोन-दोन डॉलरला फुंकून टाकल्या. त्यामुळे आता बाजार धुंडाळणं नशिबी आलं.

पहिली हॅट तिने फोनवर बघून मागवली. 'एकदाच वापरलेली, अप्रतिम स्थिती' असं खाली लिहिलं होतं. जरा पिवळट झालेली पांढरी हॅट खोक्यातून निघाली आणि व्हर्लीन बघतच राहिली. पातेल्यावर चहाची बशी झाकावी तशी ती तिच्या डोक्यावर बसली. ओढून खाली आणायला गेली तर आत काहीतरी कपाळाला टोचलं. तिने विकणाऱ्याला चार खरमरीत ओळी लिहिल्या. त्याचं उत्तर आलं, 'बाई, त्या काळी हॅट ओढून घालत नसत. केसांच्या अंबाड्यावर ठेवून लांब पिनेने अडकवत.' व्हर्लीनचे केस बोटाच्या पेराएवढे कापलेले. पिन कशात खुपसायची, कवटीत?

मग ती वारलेल्या माणसांच्या घरच्या सामानाच्या विक्रीला जायला लागली. तिथली रीत तिला कुणी सांगितली नव्हती. दारावर पहाटेच एक कागद डकवलेला असतो, त्यावर नाव लिहायचं, आणि नऊ वाजता त्याच क्रमाने आत सोडतात. व्हर्लीन साडेआठला कॉफी पीत मजेत पोचली तेव्हा कागदावर बेचाळीस नावं होती, आणि पहिली दहा जुन्या वस्तूंच्या दुकानदारांची. तिचा नंबर येईपर्यंत आत खोकीच उरली होती. दुसऱ्या दिवशी सगळं निम्म्या किमतीत देतात म्हणे. पण दुसरा दिवस रविवार, आणि वेळ अकराची, म्हणजे नेमकी प्रवचनाची!

तरी एक मिळाली. घरी आणून उजेडात धरली तर लोकरीला कसर लागलेली. कुणीतरी सांगितलं, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव, किडे मरतात. तिने ती आठवडाभर कोंबडीच्या तंगड्या आणि माशाच्या तुकड्यांमध्ये ठेवली. किडे मेले. पण पिशवीचं तोंड नीट बांधायचं राहिलं होतं, आणि त्यानंतर त्या हॅटला जो मासळीचा वास लागला तो काही केल्या जाईना.

तिसरी मात्र मनासारखी होती. शुभ्र, रुंद काठाची, आणि डोक्यात बरोबर बसणारी. कडेला एक पिवळा डाग होता, तेवढाच. व्हर्लीनने अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात हंडे घासले होते. डाग दिसला की गरम पाणी आणि साबण, हे तिच्या हातांना विचारावं लागत नव्हतं. हॅटच्या आतला सांगाडा खळीच्या कडक कापडाचा असतो हे तिला कोण सांगणार? पाच मिनिटांनी तिच्या हातात एक ओलं धिरडं लोंबत होतं. ती टबाच्या काठावर बसली आणि रागाने रडली. शेजारणीने भिंतीवर थाप मारून विचारलं, "बरी आहेस ना?" "मरू दे!" व्हर्लीन ओरडली.

मेच्या त्या रविवारला दोन आठवडे उरले. ती तीन खोकी गाडीत टाकून मदर लुव्हेनियाच्या घरी गेली. लुव्हेनिया म्हणजे बाकावरची सगळ्यात थोरली, चौऱ्याऐंशी वर्षांची, आयडेलाची जिवाभावाची मैत्रीण. ती ओट्याशी केक कापत होती.

"मदर, मी नाही बसत त्या बाकावर. दुसरी कुणी बघा," व्हर्लीनने खोकी टेबलावर आदळली.

"आधी खुर्चीवर तर बस. केक खा."

"केक नको मला."

"म्हणजे फारच तापलीयस." लुव्हेनियाने एक खोकं उघडलं आणि ते धिरडं दोन बोटांत उचललं. "हिला काय झालं?"

"धुतली."

"गरम पाण्यात?"

"हो."

"साबण लावून?"

"मदर!"

"नाही, आपलं विचारते. आयडेलाची लेक हॅट धुते! बरं झालं, ती वर गेली ते." दुसरं खोकं तिने उघडलं आणि वास येताच झटकन मिटलं. तिसऱ्यातली बशीएवढी हॅट मात्र तिने हातात घेतली, सवयीने उलटी केली, आणि आतल्या पट्टीखालून बोट फिरवलं. "आत बघितलंस का गं?"

"आत काय बघायचं? टोचते ती."

लुव्हेनियाने पट्टीखालून एक गंजलेली टाचणी ओढली. टाचणीला घडी घातलेली एक चिठ्ठी होती. शाई विटली होती तरी वाचता येत होतं: 'ओपलला.'

"ही ओपल कोण?"

"मला काय ठाऊक? असेल कुणाची तरी लेक." लुव्हेनियाने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तुला खरंच माहीत नाही? अगं, बाई मरायच्या आधी प्रत्येक हॅटमध्ये नाव टाचून ठेवते. माझ्यामागे ही हिला, ती तिला. तोंडाने कधी सांगायचं नाही. जिवंतपणी सांगितलं की त्याच रविवारपासून भांडणं."

"मला कोण सांगणार? मी क्वायरमध्ये होते!"

बोलता बोलता व्हर्लीन त्या चिठ्ठीकडे बघू लागली. तिने टेबलाची कड धरली. "मदर, माझ्या आईच्या हॅट्समध्ये होत्या चिठ्ठ्या?"

लुव्हेनियाने सुरी पुसली, मग परत पुसली. "सगळ्यांत. तू विकायला मांडल्यास त्या दिवशी आम्ही चौघी मुद्दाम आलो होतो. एकेक उलटी करून बघितली, दोन-दोन डॉलर तुझ्या हातावर ठेवले, आणि जिची तिला पोचवली. माझी ती जांभळी बघतेस ना? आयडेलाचीच. मी फूल बदललं फक्त."

ती जांभळी! अकरा वर्षं व्हर्लीनने ती वरून बघितली होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आईच्या हॅट्स तिच्या डोळ्यांसमोर रांगेत बसून तिचंच गाणं ऐकत होत्या, आणि ती वरून त्यांना हसत होती.

"आणि माझ्या नावाची?"

"होती की. पांढरी, मागे मोत्यांची ओळ. तीच घालून ती बाकावर पहिल्यांदा बसली होती."

"कुठेय ती?"

"मी माझ्या हाताने उचलून तुझ्या हातात दिली, व्हर्लीन. म्हटलं, पोरी, ही तरी ठेव. काय म्हणालीस तू?"

व्हर्लीनला सगळं आठवलं. मानेवरून ओघळणारा घाम, रिकामं घर, आणि उरलंसुरलं सगळं एकदम उचलणारा तो परगावचा व्हॅनवाला. 'मी काय करू तिचं?' असं म्हणून तिने ती हॅट त्याच्या ढिगावर भिरकावली होती.

"मग बोलायचं ना!" ती ताडकन उठली. "आत तुझं नाव आहे, एवढं एक वाक्य! तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"जिचं नाव तिनेच शोधायचं असतं. असंच चालत आलंय."

"चालत आलंय म्हणे! अकरा वर्षं समोर बसून माझी भजनं ऐकलीत!"

"ऐकली. बेसूर होती तीसुद्धा." मग म्हातारी खुर्चीत बसली आणि तिचा आवाज उतरला. "चुकलं माझं. मला त्या दिवशी राग आला होता तुझा. आईची माती अजून ओली आणि ही पोरगी तिच्या हॅट्स कचऱ्यासारख्या विकते! म्हटलं, हिला कळत नसेल तर जाऊ दे. त्या रागापायी मी त्या माणसाला थांबवलं नाही."

'जाऊ द्या, मदर' असं काही व्हर्लीनच्या तोंडून निघालं नाही. तिला खरंच जाऊ द्यायचं नव्हतं. "तुमच्याकडची एखादी पांढरी द्या मग," ती म्हणाली.

"मी मेले नाही अजून," लुव्हेनिया म्हणाली, आणि ओपलच्या हॅटला मागून लावायला इलॅस्टिक शोधू लागली.

पुढचे दोन आठवडे व्हर्लीनने गाव पिंजून काढलं. बैल गेला अन् झोपा केला, हे तिलाही कळत होतं. तरी आता ती पहाटे पाचला दारावरच्या कागदावर नाव लिहायची. आत शिरली की प्रत्येक पांढरी हॅट उलटी करायची आणि पट्टीखालून बोट फिरवायची. "बाई, घ्यायची तर घ्या, चिवडू नका," असं विकणारे खेकसायचे. मोत्यांची ओळ कुठेच दिसली नाही. पण एका हिरव्या हॅटमध्ये 'नेओमी' निघालं, एका काळीत 'धाकटीला'. त्या तिच्या मापाच्या नव्हत्या, रंगाच्या नव्हत्या, तिला नकोच होत्या. पण चिठ्ठी असलेली हॅट परत ढिगावर ठेवायला तिचा हात धजेना. चडफडत तिने त्या विकत घेतल्या. शेवटच्या शनिवारपर्यंत तिच्या झोपायच्या खोलीत परक्या लेकींच्या सहा हॅट्स झाल्या होत्या. आईची नव्हती.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ती ओपलची हॅट घालून बाकावर बसली. इलॅस्टिक कानामागे करकचून बसलं होतं. प्रत्येक 'आमेन'ला हॅट पुढे घसरायची आणि व्हर्लीन ती मागे ढकलायची. पास्टर काय बोलले यातलं तिला एक अक्षर आठवत नाही. वरून क्वायरमधल्या दोन पोरी तिच्याकडे बघून कुजबुजल्या, आणि त्या काय बोलल्या असतील हे चर्चमध्ये तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

घरी येऊन तिने हॅट काढली, कानामागे चोळलं, आणि एका कागदावर 'डेनिटाला' असं लिहिलं. डेनिटा म्हणजे तिची एकुलती एक लेक, फिनिक्सला असते. व्हर्लीनने ती चिठ्ठी ओपलच्या चिठ्ठीशेजारी टाचली आणि पट्टी खाली दुमडली. मग ती तशीच बसून राहिली. आईही अशीच बसली असेल, मोत्यांची ओळ मांडीवर घेऊन. दोन गल्ल्यांवर तर राहायची. एकतीस चिठ्ठ्या टाचल्या, आणि लेकीला एक फोन करावासा वाटला नाही! तिला आईचा इतका संताप आला की डोळे भरून आले. तिने फोन उचलला.

"आई! झालं का सगळं? कशी दिसत होतीस?" डेनिटाने विचारलं.

"पातेल्यावर बशी. ते सोड. ऐक, ही हॅट माझ्यामागे तुझी."

"अगं, मी काय करू तिचं?" डेनिटा हसली. "इथे मी चर्चला तरी कुठे जाते?"

व्हर्लीनने डोळे मिटले. शब्द अगदी तेच होते, हसण्याचा फरक तेवढा.

"काही करू नकोस," ती म्हणाली. "घालू नकोस. वीक, नाहीतर दे कुणाला. फक्त द्यायच्या आधी उलटी करून आत बघ."

"का? आत काय आहे?"

असं तोंडाने सांगायचं नसतं. मदर लुव्हेनियाच्या कानावर गेलं असतं तर तिने बाकावरून उठवलं असतं.

"आत तुझं नाव आहे," व्हर्लीन म्हणाली.