डागी माणिक

आत्या गेल्याचं पोस्टकार्ड पुणतांब्याहून आलं. तिच्या दिरांनी तीनच ओळी लिहिल्या होत्या, आणि तिसरी ओळ तिच्या अंगठीची: "डागी माणिक घरात नको, अस्थींबरोबर गोदावरीत सोडतो." मला रडू यायच्या आधी संताप आला. मिळाली ती गाडी पकडून मी नगरहून निघाले.

माझे आजोबा नगरचे जवाहिरे. आत्याला त्यांनी लहानपणीच भिंग हातात दिलं आणि लग्नात हे माणिक. दोन वर्षांत तिचे यजमान तापाने गेले. ज्योतिषाने अंगठी पाहिली, माणकातला फिकट ढग दाखवला आणि सांगितलं, या डागाने नवरा खाल्ला. आत्याचं कुंकू पुसलं, बांगड्या काढल्या... अंगठी मात्र तिने कुणाला काढू दिली नाही.

पुढे लढाईत ब्रह्मदेशातून माणकं येणं बंद झालं, तेव्हा त्याच ज्योतिषाने दिरांना एक लालभडक माणिक मिळवून दिलं. दुधात टाकलं तर दूध गुलाबी दिसलं, सगळं घर हरखलं. मी तेव्हा दिवाळीला तिथेच होते.

"बघा वहिनी, याला म्हणतात माणिक. एक डाग नाही!"

आत्याने ते खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून पाहिलं. "भावजी, हे कारखान्यात झालंय. आत वाकलेल्या रेघा आहेत, बुडबुडे आहेत. जमिनीतल्या माणकात सुयांसारखे बारीक धागे असतात, कधी त्यांचाच ढग होतो. माझ्या माणकात आहे तसा."

"आणि दूध?"

"लाल काच टाका, तरी गुलाबी दिसेल."

चार दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. मी विचारलं, "आत्या, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गप्प बसले असते तर नवरा मी खाल्ला, हेही कबूल केल्यासारखं झालं असतं."

हट्टी होती म्हणतात. होतीच. त्या घरात तिने दुसरं काय करायचं होतं?

कार्ड मिळाल्यावर मी पुणतांब्याला पोचले, तेव्हा दीर अंगठी घेऊन नदीकडे निघालेच होते; मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांचं माणिक अजून देव्हाऱ्यात आहे. आत्याची अंगठी मला सैल होते, म्हणून दोरा गुंडाळलाय. पुढच्या महिन्यात माझं लग्न. सासरकडून निरोप आलाय, तेवढी अंगठी माहेरी ठेवा. मी उलटटपाली कळवलंय: बोहल्यावर ती घालूनच उभी राहीन, चालणार नसेल तर आत्ताच सांगा.