भोपळ्यातला स्फोट

मुजावर सर आकाशाकडे कधी बघायचे नाहीत. सांगलीच्या भर दुपारी, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, कॉलेजच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून ते एका भोपळ्याला कान लावून बसायचे. भोपळा भाजीचा नव्हे, तंबोऱ्याचा. एम.एस्सी.ला प्रवेश घेतल्यावर मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले, तेव्हा त्यांनी मान न वळवता नुसतं तोंडावर बोट ठेवलं. पाच मिनिटं मी दारात ताटकळत उभी. मनात म्हटलं, झालं! माणदेशातल्या म्हसवडहून एवढ्या लांब शिकायला आले आणि पदरात हे पडलं.

"ये, माणदेश," शेवटी ते म्हणाले. माझा अर्ज त्यांनी वाचला होता. मुलूख लक्षात राहिला, नाव नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी माणदेशच राहिले. "उपग्रह ऐकत हुतो. तू बी ऐक."

सर मिरजेचे. वडील, भाऊ, चुलते सगळे तंबोरे करणारे. हे एकटेच पदार्थविज्ञानात शिरले. वर्गात ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण भोपळ्याजवळ आले की तोंडून मिरज सुटायची. घरच्या कारखान्यातला एक तडा गेलेला भोपळा आणून त्यांनी त्यात छोटा स्पीकर बसवला होता. गॅमा किरण आपल्या हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून ते टिपायला वर उपग्रह ठेवावे लागतात, आणि त्यांची जुनी निरीक्षणं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. सर ती घेत आणि टिपलेल्या प्रत्येक किरणाचा एक बारीक ठोका करत. एरवी भोपळ्यातून लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू यायची. कुठेतरी अब्जावधी प्रकाशवर्षांवर एखादा तारा मेला किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, की ती तडतड एकदम दाटायची. तो गॅमा स्फोट.

आता संगणक आलेख काढून देत असताना कान कशाला लावायचा? मी हे विचारलंही. "डोळा लबाड असतो गं. त्याला जे पायजे तेच त्यो बगतो. कानाला दार न्हाई, येईल ते घ्यावं लागतं." आणि मग, माझं तोंड बघून, "आन् खरं सांगू का, मजा येती."

संगणकाने संशयास्पद म्हणून दाखवलेली प्रत्येक जागा सर स्वतः ऐकत आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत नोंदवत. बहुतेक नोंदी एकाच शब्दाने सुरू होत: टक. अंतराळातला एखादा जोरकस कण यंत्रावर आपटला की एकच ठोका वाजतो. "त्यो पाव्हणा न्हवं, दारावर आपटलेलं वटवागूळ हाय," असं म्हणून ते पुढे लिहीत, 'टाकावे'. पण तेही ऐकल्याशिवाय नाही. "हाकलायच्या आदी नाव तरी इचारावं मानसानं."

दुसऱ्यांना आधीच सापडलेले स्फोट आम्ही कितीतरी ऐकले. सरांना हवा होता तो कुणीच न पाहिलेला एक. फक्त एक. मेअखेर ते निवृत्त होणार होते. आठ वर्षं त्यांनी भोपळ्याला कान लावला होता आणि वही टकांनी भरली होती. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारायचं, "काय मुजावर, पिकला का भोपळा?" सर हसायचे. माझा मात्र असा संताप व्हायचा की चहा तसाच ठेवून मी उठून जायचे.

त्या वर्षी ईदला सरांनी मला मिरजेला घरी बोलावलं. शिरखुर्मा झाल्यावर त्यांच्या थोरल्या भावाने कारखाना दाखवला. त्यांनी एका नव्या तंबोऱ्याची तार छेडली. नुसतं ठण्ण. मग तार जिच्यावर टेकते त्या घोडीवर, तारेखाली, त्यांनी एक सुती दोरा घातला आणि केसभर सरकवला. तीच तार, तेच बोट, पण आता आवाज उघडला आणि लांबच लांब झणझणत राहिला. "आवाज आत असतोयच," भाऊ म्हणाले. "त्याला वाट द्यावी लागती." सर शेजारी शिरखुर्म्याची दुसरी वाटी संपवत होते. त्यांनी हे जन्मभर ऐकलं होतं, म्हणून त्यांना त्यात नवं काही वाटलं नसावं.

मला मात्र ते चैन पडू देईना. एखाद्या टकेतही आवाज आत असेल आणि त्याला वाटच मिळाली नसेल तर? एप्रिलमधल्या एका दुपारी सर परीक्षेच्या कामाला गेले होते. मी त्यांची जुनी वही उघडली आणि टाकलेल्या टका एकेक करून शंभरपट सावकाश वाजवायला लागले. खरी टक कितीही ताणली तरी टकच राहते. सगळे ठोके एकाच क्षणी, आणि पडद्यावर बघावं तर यंत्राच्या एकाच कोपऱ्यात. तीस-चाळीस ऐकल्या, कान किटले. आणि मग एक टक उघडली. आधी विरळ ठोके, मग घाईघाईने दाट, मग पुन्हा विरत विरत गेले, आणि पडद्यावर ते यंत्राच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखे पसरलेले. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात आटोपलेला स्फोट! मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

मग वहीकडे लक्ष गेलं. सात वर्षांपूर्वीची नोंद, सरांचंच अक्षर: 'टक. टाकावे.' इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो दारात आला होता, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला वटवाघूळ म्हणून हाकललं होतं. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन दिवस मी खोलीत येऊन नुसतीच आलेख चाळत बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ताकाला यून भांडं कशाला लपवतीस? बोल काय ते."

मी आधी ती टक वाजवली, मग तीच सावकाश. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परत लाव." मी लावली. "परत." मग मी वहीचं पान समोर धरलं. त्यांनी ते वाचलं, कपाळावर हात मारला आणि असे हसायला लागले की शिपाई दारात येऊन उभा राहिला. "माझ्या घरचा दोरा आन् मलाच सुचला न्हाई! अगं, आट वर्सं न्हाई सापडला म्हनत हुतो, त्यो पैल्याच वर्साला यून गेलता!"

पण लगेच गंभीर झाले. "साक्षीदार पायजे." दुसऱ्या एका उपग्रहाची त्याच दिवसाची निरीक्षणं उतरवायला घेतली. इंटरनेट मुंगीच्या पावलाने चाललेलं, सर खोलीत अनवाणी येरझाऱ्या घालत होते, मी नखं खात होते. संध्याकाळी पाचला आलेख उमटला. त्याच सेकंदाला, तिथेही, एक छोटासा उंचवटा. कुणाच्या नजरेत भरणार नाही इतका छोटा. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडले, सांगायला लाज नाही.

शोधनिबंध मी लिहिला आणि मोठ्या चतुराईने ती जुनी नोंद वगळली. सरांनी कागद परत दिला. "चूक कुटं गेली? ती लिव्ह. नायतर म्होरचा त्याच खड्ड्यात पडल." निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल खांद्यावर तशीच असताना ते वहीचं पहिलं पान उघडून बसले होते. "एक चुकली म्हंजे आनकी चुकल्या असतील. किती मजा हाय बग!"

मी साताऱ्यात नोकरीला लागले. भोपळा मला मिळाला, वही आम्ही दोघांनी वाटून घेतली. दर रविवारी फोन यायचा. "काय गं माणदेश, चुकलो का कुटं?" त्या आवाजातली आशा ऐकून खोटंच 'व्हय' म्हणावंसं वाटायचं. पण त्यांच्याशी खोटं बोलवत नसे. "न्हाई सर, टकच निघाली." "बरं, बारकाईनं बग." दोन वर्षं असे रविवार चालले. गेल्या हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, सर गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्या वाट्याच्या पानांतली एक टक उघडली. साक्षीदारही सापडला. हात आपोआप फोनकडे गेला, नंबरही लावला गेला, आणि मग आठवलं.

भोपळा कापडात गुंडाळून मी मिरजेची गाडी धरली. सरांच्या पत्नीने, चाचींनी, दार उघडलं. मी भोपळा त्यांच्यासमोर ठेवून ती टक सावकाश वाजवली. त्यांनी पदर सावरून भोपळ्याला कान लावला, अगदी सरांसारखाच.

"हे बी त्यांनी टाकलेलं?"

"व्हय चाची."

"म्हंजे आनकी एकदा चुकले." त्या हसल्या, डोळे पुसले. "लय खूश झाले असते गं. परत लाव."