सांजेचं पाणी

धुरपताबाईच्या तोंडाला वास येतो हे तिला पहिल्यांदा मी सांगितलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. माझं शिवणकाम. ब्लाउजचं माप घ्यायचं म्हणजे बाईच्या तोंडाजवळ तोंड न्यावंच लागतं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

"बाई, तुमच्या तोंडाले वास येऊन राह्यला. दाढ किडली का?"

दुसरी कुणी असती तर माझे केस उपटले असते. ही शांतपणे पदर तोंडावर ओढून म्हणाली, "दाढ नाई किडली वं सरिता. तो लोकेश हाये."

लोकेश दसऱ्याच्या सुमारास वारला होता आणि आता पूस महिना लागला होता.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल शहराच्या पुढे, जंगलाला चिकटून. वाघाच्या धाकाने दिवेलागणीला दारं लागतात. ती लागायच्या आधी बाया किरकिरी पोरं घेऊन धुरपताबाईच्या अंगणात यायच्या. ती मुठीत मीठ घेऊन पोरावरून उतरवायची, मीठ चुलीत टाकायची आणि पोराच्या टाळूवर फुंकर घालायची. पोर गप्प व्हायचं. कुणाकडून तिने कधी काही घेतलं नाही. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी माझ्या खुशबूला मी चारदा नेलंय. पोरगी रडत होती, धुरपताबाई समोरच राहत होती, आणि रडणाऱ्या पोरापुढे कसला आलाय विश्वास.

लोकेश हा मागच्या आळीतल्या दीपिकाचा मुलगा. तिसरं सरत आलं होतं त्याला. ती त्याला घेऊन आली तेव्हा मी तिथेच ओट्यावर बसून बटणं लावत होते. पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं. धुरपताबाईने मीठ उतरवलं, वाकून फुंकर घातली, तेव्हाच पोराने तिच्या तोंडासमोर आ वासला आणि "पानी, पानी" करायला लागला. दीपिकाने पाण्याचा गडवा उचलला. धुरपताबाई म्हणाली, "तापात पानी नोको देऊ. ताप अंगातच बसते. झोपू दे त्याले, उद्या नेजो दवाखान्यात."

हे तिने काही नवीन सांगितलं नव्हतं. माझी आई हेच म्हणायची, अर्ध्या गावाच्या आया हेच म्हणायच्या. दीपिकाने गडवा खाली ठेवला. पहाटे पोराला झटके आले. चंद्रपूरला नेलं, डॉक्टरांनी खूप धडपड केली, पण हिवताप मेंदूत गेला होता. नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली त्याला पुरलं.

धुरपताबाईला कुणी शब्दाने बोललं नाही. दीपिका तेवढी तिच्या दारावरून जायची बंद झाली, मागच्या पांदणीने जाऊ लागली. आणि धुरपताबाईने फुंकर सोडली. सांज व्हायच्या आत दार लावून घ्यायची. कुणी पोर घेऊन आलंच तर आतूनच म्हणायची, "माह्याजवळ नोको आनू."

मापाच्या त्या दिवशी तिने मला सगळं सांगितलं. पोराने आ वासला तेव्हा त्याचा तापाचा आंबूस श्वास तिच्या तोंडात गेला. तो तिथेच राहिला. घशात उजव्या बाजूला दाण्याएवढं काहीतरी अडकलंय, थुंकी गिळली की हलतं. त्याच बाजूचा कान आतून ठणकतो.

"सांज झाली का कानाले लागून बसते. पानी मांगते," ती म्हणाली.

मी भूतबीत मानत नाही. पण मापाचे आकडे त्या दिवशी मी चुकीचे लिहिले आणि ब्लाउज दोनदा उसवावा लागला.

मी तिला कडुलिंबाची काडी दिली, लवंगा दिल्या, बडीशेप दिली. लवंगेचा वास घटकाभर वर राहायचा, मग खालून तो दुसरा यायचा, कुजलेल्या अंड्यासारखा. एक दिवस तिच्या मोरीत रक्ताची थुंकी दिसली. बाईसाहेब खराट्याची काडी घेऊन घसा कोरत होत्या, लोकेशला बाहेर काढायला. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "मरायचं हाये का तुमाले? उद्या माह्यासंगं चंद्रपूरले चला," असं ओरडले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीत तिला अक्षरशः कोंबलं.

कान-नाक-घशाची डॉक्टरीण तरुण होती. तिने जीभ दाबून बॅटरीने आत पाहिलं. मग कापूस गुंडाळलेल्या काडीने टॉन्सिलला कडेने हळूच दाबलं, आणि एक पिवळट पांढरा खडा बाहेर आला. ज्वारीच्या दाण्याएवढा. तिने तो कापडाच्या तुकड्यावर ठेवला आणि खोलीभर तोच वास झाला. मी नाकाला पदर लावला. धुरपताबाई टक लावून त्याच्याकडे बघत राहिली.

"हा टॉन्सिलचा खडा," डॉक्टरीण म्हणाली. "घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात, त्यांना बारीक बारीक खाचा असतात. त्यात अन्नाचे कण, तोंडातली मेलेली कातडी आणि जंतू साठून घट्ट होतात. वास त्या जंतूंचा. अडकल्यासारखं वाटतं, कानही दुखू शकतो. पुष्कळांना होतं हे."

"म्हंजे हा तो पोरगा नाई?" धुरपताबाईने विचारलं.

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मी थोडक्यात सांगितलं. तिने हसण्यावारी नेलं नाही, हे मी विसरणार नाही. खुर्ची पुढे ओढून ती म्हणाली, "नाही मावशी. हे तुमच्याच तोंडातलं, तुमच्याच जेवणातलं आहे. लेकराचं यात काही नाही." मग तिने काय करायचं ते सांगितलं. जेवण झालं की कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या. दात आणि जीभ रोज साफ. घशात काडी, पिन काही घालायचं नाही, तिथे रक्त लवकर येतं. पुन्हा रक्त आलं, एकच बाजू सुजलेली राहिली किंवा गिळताना दुखलं तर लगेच यायचं. खडे फारच वारंवार झाले तर टॉन्सिल काढतात, पण तशी पाळी सहसा येत नाही. "आणि मुख्य म्हणजे पाणी प्या. तुमचं तोंड फार कोरडं आहे. कोरड्या तोंडात हे जास्त होतं. दिवसभर प्या, संध्याकाळीही प्या."

शेवटच्या वाक्याला धुरपताबाईचा चेहरा उतरला. तिने तो खडा मागून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांजेपासून मी पानी पेत नाई. तो गेला तवापासून. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली का मंग पेतो. त्याले मीच नाई देऊ देल्लं, मी कशी पेऊ?"

गावात उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. नाल्यापलीकडे जाऊन मोहाखाली तिने गाठ सोडली, बोटाने माती उकरली आणि तो खडा तिथे पुरला. मी दुरून बघत उभी होते. मला तिचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

काही दिवस बरे गेले. वास गेला, कानाचा ठणका थांबला. ती सकाळी गुळण्या करायची, तो खळखळ आवाज मला माझ्या मशीनपाशी ऐकू यायचा. मोहाची फुलं पडायला लागली तशी ती बायांबरोबर टोपली घेऊन जंगलातही जाऊ लागली. मग एके दिवशी मोह वेचताना तिने पुन्हा पदर तोंडावर ओढला.

"आला तो परत," ती म्हणाली. "सांगतलं होतं ना तुले?"

"तो नाई आला," मी खवळले. "तुमी पानी पेत नाई म्हनून खडा आला! उन्हाळ्यात सांजेपासून तोंड कोरडं ठेवून बसता, मंग दुसरं काय होईन?"

तिला ते पटत होतं, तरी तिने नकारार्थी मान हलवली. त्या दिवसापासून ती जेवणही अर्धं सोडू लागली. गालाची हाडं वर आली. चैत्रातल्या उकाड्यात दिवेलागणीपर्यंत दारं उघडी टाकून गाव ओट्यावर बसायचं, आणि तिचं दार सांज व्हायच्या आतच बंद. त्या बंद दारापलीकडे ती तहानेली बसलीय आणि कानाशी कुणी पाणी मागतंय, हे मला माझ्या घरात बसून दिसायचं. मी भरलेला गिलास तोंडाला लावायचे आणि न पिताच खाली ठेवायचे. ही बाई अशीच वाळून मरणार अशी मला खात्री झाली.

दीपिका पोलक्याचं कापड घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी ते बाजूला ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. खडा, मोहाखालची माती, सांजेचं पाणी, सगळं. तिला त्रास होईल याची पर्वा केली नाही. तिने ऐकून घेतलं. मग कापडाच्या काठाला चुण्या घालू लागली.

"तिनं सांगतलं, पन गडवा तं म्याच खाली ठेवला," ती म्हणाली. "मी त्याची माय होतो. म्या काऊन नाई देल्लं?"

त्या सांजेला ती मागच्या पांदणीने गेली नाही. सरळ धुरपताबाईच्या दारात आली आणि कडी वाजवली. मी मागे होते. आतून आवाज आला, "नोको आनू वं पोराले माह्याजवळ."

"पोरगं नाई संगं," दीपिका म्हणाली. "मी हाओ."

दार उघडायला वेळ लागला. धुरपताबाई दाराशी तोंड फिरवून उभी राहिली, वास जाऊ नये म्हणून. दीपिका तिच्या बाजूने आत गेली, माठातून गडवा भरला आणि तिच्यासमोर धरला.

"पे."

"त्यानं लय मांगतलं होतं का वं, घरी गेल्यावर?" धुरपताबाईने भिंतीकडे बघत विचारलं. एवढे महिने तिच्या मनात हाच प्रश्न होता, हे मला तेव्हा कळलं.

दीपिका खोटं बोलेल असं मला वाटलं. मी असते तर बोलले असते.

"मांगतलं," ती म्हणाली. "झोप लागेपर्यंत मांगे."

धुरपताबाई खाली बसली. दीपिका तिच्याजवळ टेकली, एका हाताने तिची मान धरली, जसं आजारी लेकराला पाजतात तशी, आणि गडवा तिच्या ओठांना लावला. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा गेला. मग ती दोन्ही हातांनी गडवा धरून पीतच राहिली, रडत, मध्ये श्वासही न घेता. बाहेर अंधार पडला होता आणि दार सताड उघडं होतं.

गडवा रिकामा झाला. दीपिकाने तो उचलला, माठातून पुन्हा भरला आणि या वेळी स्वतःच्या तोंडाला लावला.