गरम डबी

मातीच्या लॅबमध्ये तिला सगळे भट्टीताई म्हणायचे. भिजवलेली माती डबीत भरून वजन करायची, भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायची. जेवढं वजन उडालं तेवढं पाणी त्या मातीनं धरलेलं, बस! पण डबी थंड होईपर्यंत ती कुणाच्या बापाला काट्याजवळ फिरकू द्यायची नाही.

आज मात्र तिनंच गरम डबी काट्यावर ठेवली. राहवेनाच! माती तिच्या धाकट्या भावाच्या बागेतली होती, आणि बाग बालवाडीच्या गच्चीवर. इंजिनिअरनं हलकी माती सांगितली होती. यानं झाडं जोमात यावीत म्हणून भरमसाट कंपोस्ट कालवलं, वर सकाळपासून पाणी चालू ठेवून आला. खाली पोरं झोपलेली.

तिनं सगळ्या बागेच्या वजनाचा हिशोब केला. स्लॅबला पेलेल त्याहून जास्त.

"ताई, थांब! तूच म्हणतेस ना, गरम डबी खोटं बोलते?" शेजारी उभा असलेला भाऊ म्हणाला.

खरंच होतं ते. गरम डबी हलकी भरते, मग उडालेलं पाणी उगाच जास्त दिसतं.

"थंड होऊ दे," तो काकुळतीला आला. "माझं पहिलं काम आहे गं. एकदा बोभाटा झाला की मला कुंडीसुद्धा कुणी देणार नाही."

तिनं डबी काचेच्या बरणीत ठेवली, झाकण लावलं. आता नेहमीसारखं थांबायचं. तिनं बरणीकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि बालवाडीच्या बाईंना फोन लावला.

"बाई, पोरांना बाहेर काढा. आत्ता! चपला राहू देत!"

"ताई!"

"ओरड. हवं तेवढं ओरड. आकडा चुकला तर मी सगळ्यांसमोर कान धरीन."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तिकडून फोन आला, सगळी पोरं अंगणात, दोघं तर झोपेतच उचलून आणलेली.

डबी थंड झाली. तिनं ती काट्यावर ठेवली. पाण्याचा आकडा उतरला, पण केसभर. स्लॅबला अजूनही जास्तच.

भावानं वाकून आकडा स्वतः वाचला.

"किती काढू?"

"अर्धी तरी. आणि आधी पाणी बंद करायला सांग, गाढवा."

त्यानं फोन मागायला हात पुढे केला.