बेहाल्यातला फाऊल

बालीगंज स्टेशनच्या पुलावर दोन माणसं एकमेकांवर आदळली की वृषालीताई थांबायच्या. पडलेल्याला हात देऊन उठवायच्या आणि मग मला हळूच म्हणायच्या, "ब्लॉकिंग. हाच आडवा घुसला." नाहीतर, "चार्जिंग. तो बिचारा नुसता उभा होता रे!"

त्यांचे यजमान लष्करात होते, फोर्ट विल्यममधून निवृत्त झाले आणि दोघं कोलकात्यातच राहिली. मी बँकेच्या बदलीवर आलेलो. बास्केटबॉलचा पंच झालो तो ताईंच्या हाताखाली. खेळायच्या तेव्हा त्यांचं नाक दोनदा मोडलं होतं, एकदा कोपराने आणि एकदा जमिनीने. मला शिकवताना त्या खेकसायच्या, "चेंडूकडे काय बघतोस? चेंडू कुणाला मारत नाही. अडवणाऱ्याची छाती बघ. समोरचा उडायच्या आधी हा जागेवर होता? मग चार्जिंग. नव्हता? ब्लॉकिंग. बाकी सगळं रडगाणं."

शहराच्या बेहाला भागातल्या एका क्लबच्या मैदानावर अंतिम सामना होता, पंच ताई आणि मी. यजमान संघ एका गुणाने मागे, शेवटचे काही क्षण उरलेले. त्यांचा बाबुआ मुसंडी मारत आला, उडाला आणि समोरच्या खेळाडूच्या छातीवर आदळला. दोघे कोसळले, चेंडू जाळीतून खाली आला. मैदान नाचायला लागलं. ताईंनी शिट्टी फुंकली. चार्जिंग. बास्केट रद्द.

आधी एक खुर्ची आली. मग बाबुआ स्वतःच धावत आला आणि त्याने ताईंच्या तोंडावर ठोसा मारला. साठीला टेकलेली बाई, तिथेच आडवी झाली. पडलेल्या ताईंना लाथा बसत होत्या. मी मध्ये घुसलो तर बरगडीत अशी लाथ बसली की श्वासच अडकला. कुणीतरी मांडवाचा बांबू उपसला आणि त्याचं फुटकं टोक त्यांच्या डाव्या डोळ्यात गेलं. पोलीस आले तेव्हा ताई रक्तात बसल्या होत्या. त्यांनी दोन दात हातावर थुंकले आणि बोबड्या आवाजात म्हणाल्या, "निर्णय तोच."

डोळा गेला. बाबुआ आणि त्याच्या साथीदारांवर केस झाली.

पुढे कुणीतरी मोबाइलवर काढलेलं त्या क्षणाचं चित्रण मिळालं. ताईंनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

"ब्लॉकिंग होतं रे. तो उडाल्यावर हा त्याच्या खाली सरकला. बास्केट धरायला हवी होती."

"ताई, आता हे कुणाला बोलू नका. मारलं ते बरंच केलं, म्हणतील."

"म्हणू देत."

दुसऱ्याच दिवशी त्या क्लबात गेल्या. मीही सोबत होतो. पोरं कॅरम खेळत होती. जामिनावर सुटलेला बाबुआ त्यांना पाहून भिंतीला टेकला.

"बाबुआ," ताई त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बास्केट तुम्हारा था. गलती मेरी."

तो त्यांच्या पायांवर वाकला. "काकीमा, केस टा तुले नीन." केस मागे घ्या, म्हणत होता.

ताईंनी पाय मागे घेतले. "नहीं. वो फाऊल अलग, ये अलग. मेरा मैंने मान लिया. तुम्हारा तुम कोर्ट में मानो."

त्याने मानलं नाही. उलट त्याच्या वकिलाने ताईंनाच धरलं. निर्णय चुकला हे त्यांनीच मान्य केलंय ना, मग पोराचा राग साहजिक नव्हता का? मी डोक्याला हात लावला. ताईंनी काळा चष्मा काढला आणि रिकामी खोबण त्याच्याकडे वळवली.

"चूक मला एका डोळ्याने दिसली, वकीलसाहेब. दोन ठेवले असतेत तर लवकर दिसली असती."

वकील खाली बसला. पुढे निकाल लागला, बाबुआला तुरुंगवास झाला. पोलीस त्याला नेत असताना त्याची आई जिन्यावर छाती पिटत होती. ताई तिच्याजवळ क्षणभर थबकल्या आणि जिना उतरल्या.

टॅक्सीत मी म्हणालो, "जिंकलात, ताई."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"काय सुंदर उडी होती रे त्या पोराची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.