दवाखान्यात सोबतीला

ओपीडीच्या बाकावर तुम्ही कधी तीन-तीन तास बसला आहात? टोकन हातात आलं की वाटतं, चला, आता निवांत मोबाइल बघू. पण शेजारी ऐंशीचं माणूस असलं की कसला मोबाइल! पेशंटच्या फाइलीत दर खेपेला एक कागद वाढतो, तसा माझ्याकडे दर खेपेला एक किस्सा वाढतो.

दिल्ली-गुरुग्रामच्या आम्हा आठ-दहा मराठी लोकांचा एक ग्रुप आहे. ज्या वयस्कर मंडळींचं डॉक्टरकडे जाणं काही ना काही कारणाने राहून जातं, त्यांना आम्ही घेऊन जातो. बहुतेक वेळा गाडी आनंदची आणि रजा माझी. माझा मॅनेजर आता रजेचं कारण विचारत नाही. "मेधा, और कितने अंकल बाकी हैं?" एवढंच विचारतो.

* * *

देशपांडेकाका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. एकटे राहतात. दोन वर्षं बीपी तपासलेलं नव्हतं. का? तर "मला सोबत-बिबत लागत नाही!" आणि एकट्याने जायचा कंटाळा.

शेवटी मी म्हटलं, "काका, मलाच दाखवायचंय. एकटीला भीती वाटते. तुम्ही येता?"

दहा मिनिटांत इस्त्रीचा शर्ट घालून तयार! डॉक्टरांना रुबाबात म्हणाले, "पहले इनका देखिए." माझं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अंकल, आप भी लगे हाथ दिखा दीजिए," आणि काकांच्या दंडाला पट्टा बांधला.

काकांचं बीपी एकदम नॉर्मल. गोळी मला सुरू झाली!

जिना उतरताना काका गंभीरपणे म्हणाले, "बघ, बरं झालं मी सोबत आलो."

* * *

जोशीआजी मुलाकडे राहायला म्हणून पुण्याहून गुरुग्रामला आल्या. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि आजींना हिंदी येत नाही. म्हणून दुखणं अंगावर काढत बसायच्या. मी त्यांना घेऊन गेले, तर ऑफिसातून फोन आला म्हणून दोन मिनिटं बाहेर थांबले. तेवढ्यात आजींनी स्वतःच सुरुवात केली.

"डॉक्टर, रात को पैर में गोले आते हैं."

"गोले?"

"हां! बड़े बड़े गोले! दोनों पैर में!"

मी आत शिरले तेव्हा डॉक्टर अतिशय आदराने विचारत होते, "माताजी, आप फौज में थीं?"

पायात गोळे येणं म्हणजे काय, ते मी समजावलं. गोळ्या मिळाल्या, झोप लागायला लागली. आता आजी एकट्या जातात. डॉक्टर विचारतात, "माताजी, बमबारी कैसी है?" आणि आजी हात वर करून सांगतात, "बंद!"

* * *

कर्णिककाका चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे वर्षभर खाली उतरलेले नव्हते, हृदयाची तपासणी तशीच राहिलेली. शेवटी आनंद, मी, समोरचे मिश्राजी आणि त्यांचा जावई, अशा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून उतरवायचं ठरवलं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. "अरे कर्णिकसाहब! आप!" खुर्ची खाली. दुसऱ्या मजल्यावर कुणाला बाळ झालेलं, ते काकांच्या मांडीवर. पहिल्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई नुसता काकांचा हात धरून रडल्या. आमचे खांदे भरून आले होते, पण कोणी "चलो" म्हणेना.

डॉक्टर वैतागून म्हणाले, "अंकल, इतना लेट?"

काका म्हणाले, "क्या करूं डॉक्टरसाहब, एक साल का ट्रैफिक था!"

* * *

मुल्लाचाची मूळच्या सांगलीच्या. चाळीस वर्षं दिल्लीत. त्यांची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायला बसले, तर ओटीपी काही येईना. म्हटलं, "चाची, हा नंबर कोणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

चाचांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आता नंबर बदलायचा म्हणजे केवढा व्याप, असं मी म्हणणार, तोच चाची उठल्या. कपाटातून चाचांचा फोन काढला. फुल चार्ज! दर महिन्याला रिचार्जही करतात म्हणे.

मी परत बटण दाबलं. टिंग!

चाची स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "बघितलंस? अजून माझं काम पहिल्या हाकेला करतात."

* * *

आणि वैद्यकाकू. मोतीबिंदू पिकलेला, तरी तीन वर्षं ऑपरेशन पुढे ढकलत होत्या. काकांना विस्मरणाचा आजार. "ह्यांना कोणाजवळ सोडू?" हे एकच उत्तर. शेवटी आनंद काकूंना घेऊन गेला आणि मी काकांजवळ बसले.

दर दहा मिनिटांनी काका विचारायचे, "सुमन कुठे गेली?"

"डोळ्याच्या ऑपरेशनला, काका. दुपारी येतील."

"अरे! आणि मी इथे बसलोय? माझ्या चपला कुठायत?"

उठायचे, दारापर्यंत जायचे, विसरायचे, परत येऊन बसायचे. सकाळभर असंच.

दुपारी काकू आल्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. काका अदबीने उठून उभे राहिले.

"या, या. बसा. माझी मिसेस हॉस्पिटलात गेलीय, येईलच इतक्यात. मग चहा होईल." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "भेटूनच जा. फार चांगली आहे ती."

काकूंनी पर्स मांडीवर घेतली आणि पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"काही घाई नाही," त्या म्हणाल्या. "मी थांबते."