ताईचे सासरे आणि वीस ग्रॅम

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका स्वतःच्या मालाचा वैरी मी दुसरा पाहिला नाही. मानपाड्याला त्यांचा चकली-शेवेचा छोटा कारखाना. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी दोष सांगत, "आजची चकली जरा कडक आहे, दात सांभाळा." लग्नाच्या बोलणीत मुलाचे गुण सांगायचे सोडून "तापट आहे, पण सकाळीच" एवढंच बोलून बसलेले. डॉक्टर तब्येत बरी आहे म्हणाले की "नीट तपासलंत ना?" हे ठरलेलं. ताई वैतागून म्हणायची, "बाबा, निदान पाहुण्यांसमोर माझ्या आमटीला नावं ठेवू नका." त्यावर ते गंभीरपणे म्हणत, "अगं, पण खायची त्यांनाच आहे ना."

तेल महागलं तेव्हा भावजींनी दोनशे ग्रॅमच्या पाकिटात एकशे ऐंशीच भरायला सुरुवात केली. पाकिटावरचा छापील आकडा तसाच राहिला. एरवी पोहे जास्त भिजले तरी बोलणारे बाबा या वेळी गप्प होते. कुणीतरी तक्रार केली, वजनमापाचे अधिकारी येऊन पाकिटं तोलून गेले आणि खटला उभा राहिला. कारखाना बाबांच्या नावावर, म्हणून आरोपीही तेच. खोपटला वकिलांकडे मी त्यांच्यासोबत गेलेलो. वकील म्हणाले, "पॅकिंगच्या बायकांकडून चूक झाली म्हणा. तुम्हाला काही माहीत नव्हतं." भावजींनी लगेच मान हलवली. बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

कल्याणच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बायकांची काही चूक नाही, साहेब. कमी भरायला मीच सांगितलं होतं." वकिलांनी फाइल मिटली. भावजी खाली बघत राहिले. बाबा दोषी ठरले, दंड झाला, तो भरून आम्ही बाहेर आलो.

फाटकापाशी भावजींनी दबक्या आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही कधी सांगितलेलं?"

"पहिल्याच दिवशी काट्यावरचा आकडा पाहिला होता मी," बाबा म्हणाले. "बघून गप्प बसलो. म्हणजे सांगितल्यासारखंच झालं ना रे."

आयुष्यात हा माणूस एकदाच खोटं बोलला असेल, आणि तेही त्याला खोटं वाटत नव्हतं. रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. ओलांडताना भावजींनी बाबांचा हात धरला. पलीकडे पोचल्यावरही दोघांपैकी कुणी तो सोडला नाही. मी मुद्दाम जरा मागे राहिलो.